पाणकावळ्यांचं माहेर

प्रिय आत्याबाई,

तुला पत्र लिहिणं म्हणजे वेडेपणा आहे, हे मला कळतं. तू होतीस तेव्हा मी तुला कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. कशाला लिहिणार? तू चुलीपुढे, मी पाट्यापुढे, बोलणं दिवसभर सुरूच. शिवाय तुला अक्षरओळख नव्हती. माझी चौथी झालेली, म्हणून गावातल्या बायकांची पत्रं मी वाचून दाखवायची आणि तू शेजारी बसून म्हणायचीस, पुढं वाच, तिच्या म्हशीचं काय झालं ते वाच. परक्याच्या म्हशीचीसुद्धा तुला केवढी चौकशी!

आज लिहायला बसले, कारण आज दुपारी आपल्या दारात जे घडलं ते ऐकल्याशिवाय तुझा जीव राहिला नसता. जाताना तू एक प्रश्न विचारून गेलीस. पाणकावळे पुढल्या साली येतील का, आणि आले तर बसतील कुठं? मी तेव्हा तुला खोटा धीर दिला. आता खरं उत्तर आलं आहे. पण ते मी लगेच सांगणार नाही. आधी सांगितलं तर तू बाकीचं न ऐकताच उठून बघायला पळशील. तुझा स्वभाव मला माहीत नाही का?

या घरात लग्न होऊन आले तेव्हा माझ्या आईनं मला बजावून पाठवलं होतं, आता ती तुझी आत्या नाही, सासू आहे, अहो-जाहो कर. मी पहिल्याच सकाळी विचारलं, आत्याबाई, तुम्ही चहा घेतला का? तू मागे वळून दाराकडे पाहिलंस, कोण पाहुणी आली म्हणून. मग मला म्हणालीस, "मले तुमी म्हणतं? तुह्या बापाले मी कडेवर खेळवलं वो." त्या दिवसापासून तू ती तूच.

आणि तुझे ते प्रश्न! शिंगाड्याचे वेल बघायला म्हणून तू मला तलावावर न्यायचीस आणि वेल राहायचे बाजूला. पाणकावळा बुंध्यावर पंख पसरून बसलेला दिसला की तुझं सुरू. हा जन्म पाण्यात काढतो, मग बाहेर येऊन पंख वाळवत काऊन बसतो? बदकाच्या पाठीवरून तर पाणी नुसतं घरंगळून जातं. मी थट्टेनं म्हटलं, देव बदकाला तेल चोळत बसला आणि याची पाळी आली तेव्हा बुधली रिकामी झाली. तू हसली नाहीस. "असंल," म्हणालीस आणि त्यावर विचार करत बसलीस.

ती इवलीशी टिबुकली घरट्यातून उठताना अंड्यांवर ओलं शेवाळ ओढून जाते, हे तूच मला दाखवलंस. बाई कशी दुधावर ताट झाकून शेजारी जाते, तशी. कमळाच्या पानांवरून चालणाऱ्या त्या लांब बोटांच्या पाखरांत अंड्यांवर बाप बसतो आणि आई दुसरीकडे मिरवते, हेही तू पाहून पाहून ठरवलंस आणि मामंजी होते तेव्हा त्यांना जेवताना ऐकवलंस. मामंजींनी ताटावरून मान वर केली नाही. भात मात्र त्या दिवशी त्यांनी स्वतःच वाढून घेतला.

पण तुझा खरा जीव पाणकावळ्यांवर. आपल्या मोठ्या तलावाच्या मध्यावर उंचवटा होता, त्यावर बाभळी होत्या. पावसाळ्यात पाणी चढलं की बुंधे बुडायचे आणि फांद्यांवर पाणकावळ्यांची घरटी लागायची. त्यांच्यात बगळे, आणि सापासारखी मान पाण्याबाहेर काढून पोहणारा तो त्यांचा चुलतभाऊ. आमच्या चामोर्शीकडे पाणकावळा म्हणजे जाळ्यातली मासोळी पळवणारा मेला. इथं आले तर मासोळीवरच जगणाऱ्या ढिवरांच्या या गावात त्याला माहेरवाशिणीचा मान! पहिला पाणकावळा चोचीत काडी घेऊन आला की बायकांनी तलावाच्या बांधावर, पाळीवर जाऊन पाण्याला हळदकुंकू वाहायचं. लेकी बाळंतपणाला आल्या म्हणायचं. पिल्लं उडेपर्यंत कोणी पाण्यातून बाभळींखाली डोंगा न्यायचा नाही, पाळीवर डफडं वाजवायचं नाही. पोळ्याचे बैलसुद्धा पाळीवरून मुकाट्यानं जायचे.

मला हसू यायचं. एकदा मी तुला डिवचायला विचारलं, माहेर इथं आहे तर मग यांचं सासर कुठं? माझीच चूक झाली. त्यानंतर तू येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीवानाला थांबवून विचारायला लागलीस, तुमच्याकडे हिवाळ्यात पाणकावळे दिसतात का? शेवटी वैनगंगेकाठच्या एका ढिवरानं सांगितलं की पाणी ओसरलं की डोहावर काळे थवेच्या थवे येतात. तुझ्या चेहऱ्यावर काय समाधान! मोठं घर मिळालं म्हणालीस, पाण्याची ददात नाही. ती तुझीच पाखरं असतील कशावरून, असं मी विचारलं तर म्हणालीस, नसतील तरी कोणाच्या तरी लेकी असतीलच ना?

मग मालगुजारी गेली. मालगुजाराचा तलाव सरकारकडे गेला आणि आपल्या माणसांनी सोसायटी करून तो मासेमारीला घेतला. नुसती मरळ आणि शिंगटे किती दिवस धरायचे, रोहू-कतला वाढवू, असं ठरलं. रोहूचं बीज, ती सुईएवढी पिल्लं, आगगाडीनं वडशाला उतरलं, मडक्यांतून. तुझा लेक गाडी जुंपून आणायला गेला. वाटभर त्या मडक्यांतलं पाणी हातानं खळबळवत राहावं लागतं, नाहीतर बीज गुदमरून मरतं. तो परत आला तेव्हा त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत सुजलेले होते. बोटांनी घास धरता येईना. तू त्याला भरवलंस, आठवतं? आणि तो जेवून झोपला नाही, पुन्हा पाळीवर जाऊन बसला. पाण्यात काही दिसत नव्हतं, तरी बघत बसला. तुझाच लेक तो.

म्हणून त्याच पावसाळ्यात बाभळींवर घरटी लागली आणि पाणकावळे त्या पाण्यात बुड्या मारायला लागले, तेव्हा त्याचा जीव खालीवर होत होता ते मला खोटं वाटलं नाही. तुलाही वाटलं नसेल. पण तू ते कबूल केलं नाहीस.

मारुतीच्या पारावर सोसायटीची बैठक बसली. बायका मागे भिंतीशी. दौलतभाऊ सोसायटीचे पुढारी, मामंजींचे जुने जोडीदार, आवाज न चढवता बोलणारे. त्यांनी सांगितलं की रीत आपल्याला मान्य आहे, आजवर पाळली. पण आजवर तलावातलं बीज देव टाकत होता, आता आपण टाकतो. बाभळी तोडाव्या लागतील. माणसं माना हलवायला लागली. तुझ्या लेकानंही हलवली.

तेवढ्यात तू उठलीस. मी तुझा पदर ओढत होते, तू तो माझ्या हातातून सोडवून घेतलास.

"लेक माहेरी येते ते माहेर लुटाले नाई येत," तू म्हणालीस. "हे पाखरं नदीवरून खाऊन येतेत. आपल्या इथचं खाल्लंच तं झिंगे खातीन, कचरा मासोळी खातीन. तुमचं रोहू त्यांच्या पोटातून निघालं, एक जरी निघालं, तं त्या बाभळीवर पयला घाव मी घालीन."

दौलतभाऊ म्हणाले, "बाई, शब्द देऊन राह्यली तू." तू म्हणालीस, हो, देऊन राह्यली.

कुठून आणलास हा विश्वास? पाणकावळा नदीवर जाऊन जेवून येतो आणि माहेरच्या पाण्यातली चांगली मासोळी सोडून देतो, असं तुला कोणी सांगितलं? एवढी प्रश्न विचारणारी बाई तू, हा एकच प्रश्न कधी विचारला नाहीस. लेक म्हटलं की झालं, पुढे चौकशी नको!

खरंखोटं करायची रीत ढिवरांना माहीतच आहे. घरट्याजवळ माणूस आला की पिल्लं घाबरून गळ्यातलं सगळं ओकून टाकतात. तेवढं बघून यायचं ठरलं. डोंग्यात पुढे तू, तुझे गुडघे धरतात म्हणून तुला आधार द्यायला मागे मी, मग दौलतभाऊ, आणि मागच्या टोकाला बांबू घेऊन तुझा लेक. बाभळींपाशी पोचायच्या आधी तू पाण्याला हळदकुंकू वाहिलंस आणि पाखरांना म्हणालीस, बायांनो, एक डाव माफी करा.

मी जन्मभर मासे साफ केलेत, पण तो वास! फांद्या चुन्यानं रंगवल्यासारख्या पांढऱ्या. पाणकावळ्यांची पिल्लं काळी, अर्धी उघडी, तोंडं वासून गळ्याची पिशवी थरथरवत होती. त्यांच्या शेजारच्या घरट्यात त्या सापमानेवाल्याची पिल्लं मात्र पांढरी शुभ्र, पिंजलेल्या कापसाची. झालं! आपण कशाला आलो आहोत हे तू विसरलीसच. बाप काळा नि पोर पांढरं, हे कसं? बगळ्याची घरटी वरच्या फांदीला नि यांची खाली, हे कोण ठरवतं, का भांडून घेतात? दौलतभाऊ मिशीत हसले. मलासुद्धा क्षणभर वाटलं, आपण फिरायला आलो आहोत.

पिल्लं ओकायला लागली. झिंगे पडले. खवल्यांची बारकी मासोळी पडली. एक बेडूक पडला. पुन्हा झिंगे. प्रत्येक वेळी तू मागे वळून दौलतभाऊंकडे बघायचीस आणि ते मान डोलवायचे. शेवटी तेच म्हणाले की बास झालं, चला. त्यांच्या आवाजात मला सुटका ऐकू आली, त्यांनाही मनातून बाभळी तोडायच्या नव्हत्या. तुझ्या लेकानं बांबू टेकवला, डोंगा वळायला लागला, दौलतभाऊंचं नि त्याचं तोंड पाळीकडे झालं.

आणि खालच्या फांदीवरच्या एका पिल्लानं तुझ्या ओच्यात ओकलं.

मी तुझ्या खांद्यावरून पाहिलं. बोटाएवढा मासा, अजून सबंध. लालसर पंख, जाडा झालरीचा ओठ. मी कोणाची मुलगी आणि कोणाची सून? रोहू मला ओळखू येणार नाही? तुला तर माझ्याआधी आला.

त्या दोघांनी पाहिलं नव्हतं. नुसता ओचा झटकायचा होता, पाण्यात पडला असता, कोणाला कळलं नसतं. मी गुडघ्यानं तुझ्या पाठीला ढोसलंसुद्धा. तू ओच्याकडे पाहिलंस. मग तो मासा तळहातावर घेतलास आणि हात वर केलास.

"दौलतभाऊ, हे पाय. रोहू हाये."

आत्याबाई, का दाखवलास? मी हे तुला तेव्हा विचारलं नाही. तुझ्या तोंडाकडे बघून विचारवलं नाही. पण त्यानंतर भाकरी थापताना, जाळं शिवताना, पाणी भरताना मी हेच विचारत आले आहे. तुझ्या लेकी तुझ्या एका झटक्यावर राहणार होत्या. मला तुझा रागही आला होता, आज सांगते. एवढं खरं बोलायची काय गरज होती?

तूच म्हणालीस की बाळंतिणींना उठू द्या, मग. ते म्हणाले, तेवढं तं करूच, बाई. तुझा लेक बांबू रोवून उभा होता, डोंगा पुढे न्यायचं त्याच्या लक्षातच येत नव्हतं.

त्यानंतर तू जे केलंस त्याला आजही मला हसू येतं आणि रडूही येतं. तू पाखरांवर रुसलीस! रोज पाळीवर जायचीस, पण बाभळींकडे पाठ करून बसायचीस. शिंगाडे सोलायचीस, घरी यायचीस. मागे पाणकावळे पंख वाळवत असायचे, तू मान वळवायची नाहीस. प्रश्न बंद. घरात एवढं शांत कधी नव्हतं. तुझा लेक मला हळूच विचारायचा, माय काही बोलली का? मी म्हणायचे, नाही. मी स्वतः एकदोनदा मुद्दाम विचारून पाहिलं, आत्याबाई, हा खंड्या हवेत एका जागी कसा थांबतो गं? तू म्हणालीस, थांबत असंल.

मग एका सकाळी शिंगाडे सोलता सोलता तू आपणहून बोललीस. "कौसे, मी पयल्या बाळंतपणाले माहेरी गेली तवा तुह्या बापानं मले काय खाऊ घातलं, मालूम आहे?"

मला माहीत नव्हतं. बाबा कधी बोलले नव्हते. तू सांगितलंस, बाबांचं तेव्हा लग्नही व्हायचं होतं. रोज पाण्यात उतरून ते मरळ धरायचे, आणि त्यातली सगळ्यात चांगली तुझ्या ताटात. बाकी घर नुसत्या रश्शाशी भात खायचं. तू एकदा नको म्हणालीस तर ते चिडले होते.

"त्यानं कधी म्हटलं नाई, बाई लुटून राह्यली म्हणून," तू म्हणालीस. "मीच येडी. लेक माहेरी नाई खाणार तं कुठी खाणार वो?"

असं म्हणून तू उठलीस आणि बाभळींकडे तोंड करून बसलीस. पिल्लं तेव्हा फांदीवर उभी राहून पंख मारायला शिकत होती. त्यातलं एक पाण्यात पडलं आणि बुडी मारून दुसरीकडे निघालं. हे त्याले शिकवलं कोणं, असं तू विचारलंस. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

मी तिथल्या तिथे म्हटलं, मग चल, दौलतभाऊंना सांग, मी चुकीचं बोलले होते, शब्द परत घेते. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "शब्द चुकीचा होता. पण देला तं होता."

दिवाळीनंतर घरटी रिकामी झाली. शेवटचं पिल्लू गेलं याची तू स्वतः खात्री करून घेतलीस. मग लुगडं खोचून डोंग्यात बसलीस आणि पहिला घाव घातलास. ढलपी उडून पाण्यात पडली. कुऱ्हाड तू लेकाच्या हातात दिलीस, आणि ज्यानं पारावर मान हलवली होती त्याच्या हातून ती उचलवेना. इतरांनी बाभळी पाडल्या. तो डोंग्यात त्यांच्याकडे पाठ करून बसला होता, अगदी तू बसायचीस तसा.

पौषाच्या थंडीत तुला खोकला लागला. तेव्हा तू मला तो प्रश्न विचारलास. येतीन का वो पुढल्या साली? आल्या तं बसतीन कुठी? मी म्हटलं, येतील, जागा शोधतील. मला काय माहीत होतं! तू गेलीस. त्या हिवाळ्यात वडशाला नाटकं लागली, पण दरवर्षी गाडी भरून नेणारा तुझा लेक गेला नाही.

उन्हाळ्यात तलावात जाळं ओढलं. रोहू कोपरापर्यंतच्या लांबीचे निघाले, गाव खूश झालं. दौलतभाऊ म्हणाले, बाभळी गेल्या म्हणून. तुझा लेक म्हणाला, पावसाळाभर तर पाखरं तिथंच खात होती, तरी एवढं उरलं. कोणाचं खरं? मला वाटतं दोघांनाही ठाऊक नाही, आणि विचारून विचारून छडा लावणारी तू नव्हतीस.

आता यंदाचं सांगते. आषाढात पाणी चढलं, बाभळींचे खुंटसुद्धा दिसेनासे झाले. मी पाळीवर भांडी घासत होते. एक पाणकावळा चोचीत काडी घेऊन आला. बाभळी होत्या त्या जागेवर फिरला. पुन्हा फिरला. मग तिथंच पाण्यावर उतरला, काडी तशीच चोचीत. मी हातातली राख विसरून बघत राहिले. बऱ्याच वेळानं त्यानं काडी सोडली, ती तरंगत गेली.

पुढे आणखी आले. पाळीच्या दगडांवर पंख पसरून बसायचे. आणि मला तुझा रोग लागला! हे तेच आहेत, की गेल्या साली इथं जन्मलेली पिल्लं? जागा कशी ठरवतात? आधी कोण बघून येतो? देवळामागच्या पिंपळावर जातील की पलीकडच्या जांभळीवर? मी घरची कामं टाकून त्यांच्या मागे मागे फिरायला लागले. शेजारणी म्हणायला लागल्या, सासू अंगात आली हिच्या.

पिंपळावर नाही गेले. जांभळीवर नाही. आत्याबाई, ते आपल्या घरामागच्या सांदवाडीतल्या चिंचेवर आले! तिच्या फांद्या तलावाकडे झुकल्या आहेत, तेवढ्यानंच बहुतेक. काड्या आणायला लागले, मागोमाग बगळे आले. चिंचेखाली तुझा लेक जाळी वाळत घालतो. दोन दिवसांत जाळी पांढरी झाली. तो रोज बघायचा आणि धुवायला न्यायचा. मी त्याला काही विचारलं नाही. यंदाही वडशाहून बीज त्यानंच आणलं होतं, हाताची सूज नुकती उतरली होती.

आज दुपारी दौलतभाऊ आणि सोसायटीची माणसं आली. दौलतभाऊ बसले नाहीत, उभ्यानंच बोलले. झाड तुझं आहे, आम्ही हात लावणार नाही. पण अजून अंडी पडलेली नाहीत. आता डबे वाजवून उठवले तर रीतही मोडत नाही आणि बीजही वाचतं. एकदा अंडी पडली की मग आपल्यालाच काही करता येणार नाही. बरोबर होतं त्यांचं. अगदी रीतीला धरून होतं. एकाच्या हातात डबा होताच.

मी दाराच्या चौकटीला धरून आत उभी. तुझा लेक चिंचेकडे बघत होता. तो काय म्हणेल ते मला खरंच माहीत नव्हतं. इतकी वर्षं संसार केला, पण माहीत नव्हतं.

तो म्हणाला, "दौलतभाऊ, माय होती तवरी त्यांचं माहेर तलावावर होतं. आता माय नाई. लेकीनं भावाच्या घरी नाई येयाचं तं कुठी जायाचं?"

मग तो म्हणाला की पाखरांनी खाल्लेलं माझ्या वाट्यातलं समजा. दौलतभाऊंनी वर झाडाकडे पाहिलं, त्या माणसाच्या हातातला डबा काढून घेतला आणि जाता जाता एवढंच बोलले, जाळे तरी दुसरीकडे वाळू घाल. ते गेल्यावर तुझा लेक ओसरीच्या खांबाला टेकून लहान पोरासारखा रडला. तू गेलीस तेव्हासुद्धा असा रडला नव्हता.

दौलतभाऊंसारखा माणूस आपला मुद्दा बरोबर असून परत का गेला, याचा मी तेव्हापासून विचार करते आहे. त्या दिवशी तू ओचा झटकला असतास तर आज या घराच्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला असता का? म्हणून दाखवलास का तो रोहू? की तुला एवढं काही सुचलंच नव्हतं, हातात आलं ते दाखवलंस इतकंच? तू असतीस तर म्हणाली असतीस, असंल. आणि विचार करत बसली असतीस.

असो. तुला वचन देते. पिल्लं उडेपर्यंत सांदवाडीत मुसळाचा आवाज होणार नाही. कच्च्या चिंचाही तोवर झोडणार नाही, हव्या असल्या तर बाजारातून आणीन. कोणी विचारलं, तुमच्या पाखरांनी रोहू खाल्ला का, तर खाल्ला म्हणेन. हळदकुंकू आजच वाहिलं. आणि भावजय वाईट निघाली, असं एकाही लेकीला सासरी जाऊन सांगावं लागणार नाही, एवढं मी बघेन.

तुझी भाची, तुझी सून, आणि आता एवढ्या सगळ्या नणंदांची भावजय,
कौसल्या